रेडिओतील खरखर आणि दोन तारांचे कडे

आज मी आपल्याला एका आवाजाचा इतिहास सांगणार आहे. हा आवाज कोणालाच नको असतो, आणि तरी तो प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. मध्यम लहरीवर आकाशवाणी लावावी, बाजारभाव सुरू व्हावेत, तुरीचा आणि सोयाबीनचा भाव कानावर पडणार इतक्यात शेजारच्या खोलीत कोणी दिवा लावावा, आणि खर्रर्र असा आवाज होऊन सारे आकडे त्यात बुडून जावेत, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. तोच संच बॅटरीवर लावून शेतात नेला, की आवाज कसा स्वच्छ येतो! मग प्रश्न पडतो, की ही खरखर आली कुठून? आकाशवाणीच्या केंद्रातून नक्कीच नाही. संचातूनही नाही. ती आली आपल्याच घरातल्या विजेच्या तारांमधून.

या खरखरीवर जो उपाय आहे तो हातात मावेल एवढा आहे. डोक्यावर घागर घेताना खाली चुंबळ ठेवतात ना, तशा आकाराचे, पण बोटाच्या दोन पेरांएवढे एक काळे कडे. आणि त्या कड्यावर गुंडाळलेल्या दोन तारा. याला 'कॉमन मोड चोक' म्हणतात. चोक हा शब्द आपल्याला नळीच्या दिव्यामुळे ठाऊक आहेच. चोक म्हणजे अडवणारा, गळा आवळणारा. पण हा चोक मोठा विवेकी आहे. कामाची वीज तो सुखाने जाऊ देतो आणि खरखरीचा तेवढा गळा धरतो. दोन्ही त्याच तारांतून चालल्या असताना त्याला हे कसे कळते? याचे उत्तर मिळवायला माणसाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. ती गोष्ट आता पाहू या.

गोष्टीचा आरंभ तारायंत्रापासून होतो. आपल्या देशात १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार सुरू झाली. १८५४ पर्यंत मुंबई, आग्रा आणि कलकत्ता ही शहरे तारेने जोडली गेली. या तारायंत्राला खांबांवरून एकच तार पुरत असे. वीज तारेतून जाई आणि जमिनीतून परत येई. एका तारेत काम भागते आहे, तर दुसरीचा खर्च कशाला, असा तो साधा हिशेब होता. तारायंत्रात नुसते कट्ट-कड असे ठोके मोजायचे असत. मध्ये थोडी बाहेरची वीज मिसळली तरी फारसे बिघडत नसे.

पुढे टेलिफोन आला. १८८२ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत टेलिफोनची केंद्रे उघडली. आता तारेच्या टोकाशी माणसाचा कान होता, आणि कान मोठा चिकित्सक असतो. एका तारेच्या टेलिफोनमध्ये शेजारच्या तारायंत्राची टकटक ऐकू येई, दुसऱ्यांचे बोलणे ऐकू येई. परदेशांत ज्या शहरांत विजेच्या ट्राम धावू लागल्या, तिथे तर घरघरीने बोलणे अशक्य होऊन बसले. ट्रामची वीज रुळांतून परत जात असे, आणि रूळ जमिनीवरच असल्यामुळे त्यातली बरीच जमिनीत उतरे. टेलिफोनची वीजही त्याच जमिनीतून परत येत होती. एकाच पाणवठ्यावर दोघे पाणी भरू लागले, मग गढूळ होणारच! आपल्या मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी सुरू झाली आणि विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. तोवर जगाने या दुखण्यावर औषध शोधून ठेवलेले होते.

ते औषध असे. जमिनीचा नाद सोडायचा, परतीसाठी दुसरी तार घ्यायची, आणि त्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८१ सालीच याचे पेटंट घेतले होते. यात युक्ती काय, ती आपल्या कावडीवरून ध्यानात येईल. कावडीला दोन्ही बाजूंना दोन घागरी आहेत. वरून पाऊस पडला, तर दोन्ही घागरींत सारखेच पाणी पडेल. कावड जड होईल, पण कलणार नाही. मात्र एकाच घागरीत कोणी तांब्याभर पाणी ओतले, की ती लगेच त्या बाजूला कलेल. टेलिफोनचा कान हा असा कावडीचा कल पाहतो. बोलण्याची वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, म्हणून ती कल निर्माण करते. बाहेरून येणारा उपद्रव पावसासारखा दोन्ही तारांवर सारखाच पडतो, म्हणून तो कल निर्माण करीत नाही. पीळ कशासाठी, तर दोन्ही तारा आळीपाळीने उपद्रवाच्या जवळ याव्यात आणि कोणावर कमी-जास्त पाऊस पडू नये यासाठी.

श्रोते हो, आजच्या विषयाचे मर्म इथेच आहे. दोन तारांतून उलटसुलट दिशांनी जाणारी वीज ही कामाची, आणि दोन्ही तारांतून एकाच दिशेने जाणारी वीज ही बहुधा उपद्रवाची. पहिलीला जाऊ द्यायचे आणि दुसरीला अडवायचे, एवढेच काम आता उरले.

ते काम करणारे कडे एका अर्थाने आधीच तयार होते. २९ ऑगस्ट १८३१ या दिवशी लंडनमध्ये मायकेल फॅरडे याने लोखंडाच्या एका कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यात वीज सोडताना किंवा बंद करताना दुसऱ्या वेटोळ्यात क्षणभर वीज उमटते, हे त्याने पाहिले. वीज नुसती वाहत राहिली तर काही होत नाही. ती बदलली पाहिजे. तीन वर्षांनी, १८३४ मध्ये, लेंझ याने त्याला जोडून नियम सांगितला, की अशी उमटणारी वीज नेहमी त्या बदलाला विरोधच करते. चोक म्हणजे या विरोधाचा उपयोग. बदल जितका जलद, तितका विरोध मोठा.

आता या कड्यावर विजेच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही तारा एकाच वळणाने गुंडाळा. इथे तेलाचा घाणा डोळ्यांपुढे आणा. घाण्याला दोन सारख्या ताकदीचे बैल उलट तोंडांनी जुंपले, तर एक घाणा उजवीकडे फिरवू पाहील, दुसरा डावीकडे. घाणा जागचा हलणार नाही. कामाच्या विजेचे तसे होते. जाणारी तार कड्यात एका दिशेने चुंबकत्व उत्पन्न करते, येणारी तार उलट दिशेने, दोन्ही फिटतात. कड्याला त्या विजेचा पत्ताच लागत नाही, मग तो विरोध कशाला करील? उपद्रवी वीज मात्र दोन्ही तारांतून एकाच दिशेने येते, म्हणजे दोन्ही बैल एकाच दिशेने ओढतात. चुंबकत्वाची बेरीज होते, कडे जागे होते आणि लेंझच्या नियमाप्रमाणे कडाडून विरोध करते. यात आणखी एक फायदा आहे. नुसत्या एका तारेचा चोक केला, तर कामाच्या मोठ्या विजेने त्याचे कडे चुंबकत्वाने गच्च भरते आणि मग ते निरुपयोगी होते. दोन तारांच्या कड्यात कामाची वीज फिटून जाते, म्हणून लहानसे कडेही पुरते.

पण लोखंडाचे कडे रेडिओच्या वेगाला चालत नाही. सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारी वीज लोखंडातच भोवरे उठवते आणि ते नुसते तापत बसते. लोखंडासारखे चुंबकीय, पण विजेला मातीच्या भांड्यासारखे बंद असे द्रव्य हवे होते. ते टोकियो येथे योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई या दोघांनी १९३० च्या सुमारास सिद्ध केले. लोहाचे ऑक्साइड आणि इतर धातूंची ऑक्साइडे मिसळून, साच्यात दाबून, भट्टीत भाजलेले हे द्रव्य म्हणजे फेराइट. कुंभाराच्या कामाशी याचे चांगलेच नाते आहे, नाही का? हॉलंडमध्ये स्नूक याने त्यात पुढे पुष्कळ सुधारणा केल्या. १९४४ साली स्वित्झर्लंडमधील गुस्ताव ग्वानेला या इंजिनिअरने दोन तारांची एकत्र वेटोळी करून रेडिओच्या कामात कसे वापरावे, हे दाखवून दिले. तार, कडे आणि द्रव्य अशी सगळी सामग्री जमा झाली.

इकडे आपल्या देशात रेडिओ रुजत होता. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले आणि विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून आपल्या बोलीतला आवाज ऐकू येऊ लागला. १९५६ साली पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या साहाय्याने रेडिओ ग्रामीण मंडळांचा प्रयोग झाला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत माणसे एकत्र बसून शेतीचे कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवीत. त्या काळी खेड्यात वीज क्वचितच होती. रेडिओ बॅटरीवर चाले. वीज नाही म्हणून विजेची खरखरही नाही. अडथळा असेच तर तो आकाशातला. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाच्या पावसाआधी रेडिओत जो कडकडाट होतो, तो विजांचाच असतो, आणि त्यावर आजही कोणतेही कडे चालत नाही. ती निसर्गाची सत्ता आहे.

२० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढच्या काळात खेड्यांत खांब उभे राहिले. विहिरीवर मोटार आली, घरात दिवा आला, गिरणी आली. त्यांच्याबरोबर ठिणग्यांची खरखरही आली. हा प्रश्न आपल्याकडचाच नव्हता. युरोपातल्या लोकांना तो आधीच भेटला होता, आणि १९३४ साली पॅरिस येथे अनेक देशांनी मिळून 'सिस्पर' नावाची समिती काम करू लागली होती. कोणत्या यंत्राने किती उपद्रव केला तर चालेल, याचे माप ठरवणे हे तिचे काम. आजही जगभर तिचीच मापे आधाराला घेतात.

आता आपल्या काळाकडे येऊ. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, टीव्ही, संगणक, सौर पंपाचा नियंत्रक, या सगळ्यांच्या पोटात एक गोष्ट सारखी आहे. घरातील २३० व्होल्टची वीज आधी सुमारे ३२५ व्होल्टची एकमार्गी वीज होते आणि मग एक इलेक्ट्रॉनिक बटण ती सेकंदाला हजारो वेळा बंद-चालू करते. त्यामुळे यंत्र लहान होते, हलके होते, वीज वाचते. पण सेकंदाला हजारो वेळा ३२५ व्होल्टचा झटका बसत असताना त्यातला थोडा अंश आडवाटेने जमिनीकडे पाझरतो, आणि त्याचा फेरा पुरा होतो तो दोन्ही तारांतून, एकाच दिशेने! म्हणजे तीच आपली कावडीवरील पावसाची गोष्ट. फरक इतकाच, की आता पाऊस घरातूनच पडतो.

एक हिशेब सांगतो. शिक्षक बंधुभगिनींनी तो फळ्यावर जरूर मांडावा. पुष्कळ चार्जरांमधील बटण सेकंदाला ६५ हजार वेळा, म्हणजे ६५ किलोहर्ट्झने, उघडझाप करते. हाच आकडा का? तर तारांवरील उपद्रवाची नेहमीची मापे १५० किलोहर्ट्झपासून सुरू होतात. ६५ ची दुप्पट १३०. तीसुद्धा त्या रेषेच्या खालीच राहते. करणाऱ्याने सोय पाहिली. पण अशा झटक्याची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी पिल्ले पुढे निघतच राहतात. त्यातले नववे पाहा. ६५ गुणिले ९ म्हणजे ५८५. आणि ५८५ किलोहर्ट्झ म्हणजे मध्यम लहरीवर नागपूर केंद्राची ओळखीची जागा! जुन्या संचाच्या तबकडीवर हाच आकडा किलोसायकल म्हणून वाचत असत. प्रत्येक चार्जरचा वेग नेमका ६५ नसतो, तो थोडा इकडेतिकडे सरकतो. पण आपल्याच भिंतीवरचा चार्जर आपल्याच केंद्राच्या जागेवर येऊन बसू शकतो, हे या गुणाकाराने कळते.

आणखी एक गोष्ट. ५८५ किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ५१३ मीटर असते. चार्जर किंवा दिवा वीतभरसुद्धा नाही. एवढीशी वस्तू एवढी मोठी लहर स्वतः कशी फेकणार? ती फेकते भिंतीतली तार, अंगणातली तार आणि खांबावरून गावभर गेलेली तार. दिव्यातून खरखर तारेवर चढली, की गावची सारी वाहिनी तिची एरियल बनते. म्हणून तिला दिव्याच्या दारातच अडवले पाहिजे, आणि कडे बसवण्याची जागाही तीच आहे. १ मिलिहेन्रीचे साधे कडे घेतले, तर हिशेबाप्रमाणे ५८५ किलोहर्ट्झच्या उपद्रवाला त्याचा विरोध सुमारे ३७०० ओहम भरतो. घरच्या ५० हर्ट्झच्या विजेला तो एक तृतीयांश ओहमही नसता. आणि दोन तारांची वीज कड्यात फिटत असल्यामुळे तेवढाही जाणवत नाही. अर्थात कडे एकटे पुरत नाही. दोन तारांच्या मधून उलटसुलट जाणारा उपद्रवही असतो, त्यासाठी जोडीला कपॅसिटर लागतात. कडे आणि कपॅसिटर मिळून गाळणी पुरी होते.

मग एवढा सोपा उपाय असताना खरखर का? उत्तर बाजारात आहे. हलक्या प्रतीचे काही चार्जर आणि दिवे उघडून पाहिले, तर पट्टीवर कड्यासाठी जागा छापलेली दिसते, आणि तिथे कड्याऐवजी तारेचे दोन तुकडे टाकलेले असतात. दिवा तरीही लागतो. घेणाऱ्याला काही कमी वाटत नाही. कमी पडते ते शेजाऱ्याला, ज्याचा रेडिओ बंद पडतो. आणि त्याला कारणही कळत नाही. सार्वजनिक विहिरीवर एकाने कपडे धुवावेत आणि गावाने ते पाणी प्यावे, असाच हा प्रकार आहे. फरक एवढाच, की विहिरीतला मळ डोळ्यांना दिसतो.

'केंद्राने आपली शक्ती वाढवावी' असे काहीजण म्हणतात. १९८८ साली नागपूरहून १ मेगावॅट शक्तीच्या प्रक्षेपकावरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली आणि रात्री देशभर दूरदूर ऐकली गेली. ती वाहिनी २०१९ च्या आरंभी बंद झाली. पण शक्तीचे गणित पाहा. प्रक्षेपकाची शक्ती दसपट केली, तर श्रोत्याजवळ पोचणारी लहर फक्त सुमारे तिप्पट होते. उलट खरखर करणारा दिवा श्रोत्यापासून चार हातांवर असतो. केंद्राने दसपट खर्च करायचा, तो कोणाच्या तरी वाचलेल्या कड्यासाठी!

हा प्रश्न केवळ रेडिओ ऐकणाऱ्यांचा आहे असेही समजू नका. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत आणि त्या दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपतात. माणसाने केलेला रेडिओगोंगाट कमी असणे, हे ती जागा निवडण्याचे एक मोठे कारण होते. तरीही तिथल्या शास्त्रज्ञांना वीजवाहिन्यांवरील ठिणग्यांनी फार सतावले. सैल पडलेले जोड आणि खराब झालेले इन्सुलेटर शोधत त्यांना गावोगावच्या तारांखाली फिरावे लागले. कोट्यवधी वर्षे प्रवास करून आलेली लहर खोडदच्या दारात येऊन एका सैल जोडाच्या खरखरीत हरवावी, यापरते दुर्दैव कोणते?

शेवटी, शाळांतून करण्याजोगा एक प्रयोग. बॅटरीवरचा मध्यम लहरीचा ट्रान्झिस्टर घ्या, दोन केंद्रांच्या मधल्या मोकळ्या जागी लावा आणि मुलांना घेऊन हळूहळू इमारतीतून फिरा. एकेक दिवा, एकेक चार्जर बंद-चालू करा. कोणता गुन्हेगार आहे, ते रेडिओच सांगेल. संच आडवा फिरवून पाहा. एका दिशेला खरखर एकदम कमी होते. कारण संचातली एरियल ही फेराइटचीच कांडी असते आणि ती सर्व दिशांनी सारखे ऐकत नाही. लहर पकडणारा फेराइट आणि खरखर अडवणारा फेराइट, दोघे एकाच कुळातले! मग बाजारात मिळणारे फेराइटचे मोठे कडे आणा, आणि प्लग काढून ठेवून त्या यंत्राची अख्खी दोरी, दोन्ही तारांसकट, कड्यातून आठ वेळा ओवा. वळसे यंत्राच्या जवळ असू द्या. एका वळशाने मध्यम लहरीवर फारसा फरक पडत नाही. विरोध वळशांच्या वर्गाने वाढतो, म्हणून आठ वळशांचा गुण चौसष्टपट. यंत्र उघडू नये, दोरी सोलू नये. आता पुन्हा ऐका, आणि आधीचे नि नंतरचे मुलांना वहीत लिहू द्या. नवा दिवा घेताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहून घ्यावे, आणि घरी आणल्यावर एकदा तो रेडिओजवळ लावून पाहावा, हेही त्यांना सांगा.

एका तारेने जमिनीवर विसंबून राहण्यापासून हा प्रवास सुरू झाला, आणि दोन तारांनी एकमेकींचा तोल राखावा इथवर आला. आपल्या डोक्यावरचे आकाशही पाणवठ्यासारखे सगळ्यांचे आहे. त्यात आपल्या घरातून काय सांडते, ते पाहण्याची सवय आपण लावून घेतली, तर हवामानाचा इशारा, बाजारभाव आणि संध्याकाळचे भजन शेवटच्या घरापर्यंत नीट पोचेल.